फायबरच्या होडीची कल्हई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



भाषणाचा विषय काय, असं मला विचारलं गेलं तेव्हा मी सांगितलं, ‘फायबरच्या होडीला मेण लावणे.’ पलीकडून क्षणभर काही आवाजच आला नाही. कवीनं समुद्रावर बोलावं, लाटांवर बोलावं, फार तर चांदण्यावर बोलावं, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. पण मी खाडीकाठचा माणूस आहे. रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीत माझा धाकटा भाऊ दोन फायबरच्या होड्या चालवतो आणि वर्षातून दोन-तीन वेळा मी त्याच्याबरोबर त्या होड्यांना मेण लावायला बसतो. हे काम दिसायला अगदी किरकोळ आहे. पण त्यावर होडीचं आयुष्य अवलंबून असतं, आणि कधी कधी होडीतल्या माणसांचंही. ते कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना कल्हईवाला आठवत असेल. अंगणात भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर आणि कथिलाची कांडी. तापलेल्या पितळी भांड्यात कापसाचा बोळा गर्रकन फिरायचा आणि भांडं आतून रुप्यासारखं उजळायचं. तो थर कागदाहूनही पातळ असे. पण तो उडाला की भांड्यातलं ताक कळकायचं. म्हणून कल्हईला कुणी नटवेपणा म्हटलं नाही. भांडं चमकतं म्हणून ती करायची नसे, तर घरातल्या माणसांना बाधू नये म्हणून करायची असे. चमक वरकडीची. आणि ती एकदा करून भागत नसे, पुन्हा पुन्हा करावी लागे, कारण झिजणं हेच तिचं काम होतं. आपण झिजून खालचं भांडं सांभाळायचं.

फायबरच्या होडीचं मेण ही त्या होडीची कल्हई आहे.

हे समजण्यासाठी फायबरची होडी कशी जन्माला येते ते पाहायला हवं. लाकडी होडी आतून बाहेर बांधतात. आधी कणा, मग बरगड्या, मग फळ्या. फायबरच्या होडीचं सगळंच उलटं. तिचा साचा असतो आणि ती बाहेरून आत बांधली जाते. गुळगुळीत साच्याच्या आतल्या अंगाला कारागीर सर्वांत आधी काय लावतो? मेण! होडी साच्याला चिकटून बसू नये म्हणून. मग येतो जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेलं दाट रेझिन. तो किंचित आळला की त्यावर काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, पातळ रेझिननं भिजवायची, रूळ फिरवून आतली हवा काढायची, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. असे थरांवर थर. सगळं घट्ट झालं की होडी साच्यातून निघते, आणि जो थर पहिला घातला होता तो सर्वांत बाहेर येतो. आपल्याला जी पांढरी किंवा निळी तकतकीत होडी दिसते ती खरं म्हणजे हा जेलकोट दिसत असतो.

तो किती जाड असतो? साधारण अर्धा मिलीमीटर. बऱ्यापैकी जाड लग्नपत्रिकेएवढा. होडीचं बळ त्याच्यात नाही, ते आतल्या काचेच्या चटईत आणि रेझिनमध्ये आहे. पण त्या बळावर ऊन-पाणी थेट येऊ न देण्याचं काम जेलकोट करतो. तो होडीची कातडी आहे. आणि आपल्या कातडीसारखी ती आपणहून भरून येत नाही. जेवढी झिजली तेवढी गेली.

आता या कातडीचा शत्रू कोण? बहुतेक लोक म्हणतील, खारं पाणी. पाणी आहेच, पण पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागाचा मोठा शत्रू ऊन आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण रेझिनची घडण तोडतात, हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो. पृष्ठभाग हळूहळू खडबडीत होतो. सुरुवातीला डोळ्यांना काही कळत नाही, फक्त चमक जरा मंदावल्यासारखी वाटते. पुढे रंगाचे कण सुटे होतात आणि होडीवर खडूसारखी पूड धरते. खडबडीत झालेल्या अंगावर मळ, इंजिनाची काजळी, माशांचं रक्त सगळं धरून बसतं. ते घालवायला मग माणूस जोरानं घासतो. घासल्यानं जेलकोट आणखी झिजतो, आणखी खडबडीत होतो. हे चक्र सुरू झालं की पाच-सात वर्षांची होडी पंचवीस वर्षांची दिसू लागते.

तुमची होडी यात कुठे आहे हे पाहायला दोन साध्या परीक्षा आहेत. पहिली, कोरड्या होडीवरून तळहात फिरवा किंवा काळं फडकं फिरवा. पांढरी पूड लागली तर ऊन आत शिरलं आहे. पांढऱ्या होडीवर ही पूड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हात हवा. लाल, निळ्या होडीवर ती लांबूनही दिसते. दुसरी परीक्षा पाण्याची. एक तांब्या गोडं पाणी होडीच्या अंगावर टाका. पाण्याचे टपोरे थेंब होऊन घरंगळले तर मेण शाबूत आहे. पाणी पसरून चिकटून राहिलं तर मेण संपलं. आपण क्षणभंगुर गोष्टीला अळवावरचं पाणी म्हणतो. पण अळवाच्या पानाच्या बाजूनं विचार केला तर? पाणी टिकत नाही हेच त्या पानाचं संरक्षण आहे. अळवाच्या पानावर निसर्गतःच मेणाचा बारीक थर असतो. होडीवर आपण तेच करू पाहतो.

मेणातही प्रकार आहेत. होडीसाठी जे मेण विकतात त्यात बऱ्याचदा कार्नोबा नावाचं मेण असतं. ते ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, म्हणजे आपल्या माडाच्याच भावकीतलं झाड. कोरड्या दिवसांत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेण धरतं. पानं वाळवून, झोडून ते मेण काढतात. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नोबा ८० च्या पुढे. आपल्या उन्हात हा फरक महत्त्वाचा. अलीकडे कृत्रिम पॉलिमरचे लेपही मिळतात, ते जास्त दिवस टिकतात. मोटारीचं मेण चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. काहीच नसण्यापेक्षा बरं. पण होडीसाठीच्या मेणात बहुधा उन्हाला अडवणारे पदार्थ मिसळलेले असतात, म्हणून मिळत असेल तर तेच घ्यावं. मेणबत्तीचं मेण किंवा लाद्यांना लावायचं लाल मेण मात्र होडीवर आणू नका. लाल मेणानं पांढरी होडी कशी दिसेल, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो. डब्यावर ‘पॉलिश’ लिहिलेलं आणि ‘वॅक्स’ लिहिलेलं, दोन्ही एकच समजून उचलली जातात. कामं मात्र परस्परविरुद्ध आहेत. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात, ते पृष्ठभागाचा सूक्ष्म थर काढून तो गुळगुळीत करतं. कंपाउंड त्याहून जाडंभरडं, ते जास्त थर काढतं. मेण काढत काहीच नाही, ते फक्त वर बसतं. म्हणजे पॉलिश ही होडीच्या पुंजीतून केलेली उचल आहे आणि मेण हे त्या पुंजीला लावलेलं कुलूप. अर्ध्या मिलीमीटरच्या पुंजीतून किती वेळा उचल करणार? जो वेळेवर मेण लावतो त्याला कंपाउंडचा डबा क्वचितच उघडावा लागतो. वर्षानुवर्षं काही न करता एक दिवस यंत्रानं घासून होडी नवी करू पाहणाऱ्याच्या जेलकोटला कडांवर आणि कोपऱ्यांवर आरपार भोक पडायला वेळ लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. आमच्याकडे ते भरती-ओहोटी बघून ठरतं. उधाणाच्या भरतीला होडी वर ओढली की पहिलं काम म्हणजे भरपूर गोड्या पाण्यानं धुणं. अंगावर मीठ आणि रेतीचा कण असताना फडकं फिरवलं तर आपणच होडीला ओरखडे काढतो. मग सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. भांडी घासायची पूड, तारेची घासणी, थिनर, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, यांपैकी काहीही नको. खिळ्यांच्या आणि कड्यांच्या खाली तांबेऱ्याचे ओघळ येतात. त्यांच्यासाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं सौम्य द्रावण मिळतं. ते हातमोजे घालून लावायचं आणि लगेच पाण्यानं धुऊन टाकायचं.

होडी पूर्ण कोरडी झाली की हात फिरवून पाहायचं. पूड लागत असेल तर आधी पॉलिश, फारच असेल तर कंपाउंड, आणि पूड लागायची थांबल्यावरच मेण. पुडीवरच मेण चोपडलं तर चार दिवस होडी चमकते आणि मग पुडीसकट मेण निघून जातं. भिंतीचे पोपडे न खरवडता चुना मारावा तसं ते होतं.

मेण सकाळी लवकर लावावं किंवा सावलीत. तापलेल्या होडीवर ते लावल्याबरोबर वाळून जातं आणि मग पुसता पुसत नाही. सगळ्या होडीला एकदम लावायचं नाही. दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढा तुकडा घ्यायचा. मेण अगदी थोडं, गोल गोल हातानं पसरायचं. काही मिनिटांत त्यावर धुकं आल्यासारखं दिसतं. ते दिसलं की दुसऱ्या स्वच्छ फडक्यानं पुसून चमक काढायची आणि पुढच्या तुकड्याकडे जायचं. जाड थर लावला म्हणजे जास्त टिकेल असं नाही, जाड थर चिकट राहतो आणि धूळ धरतो. त्यापेक्षा पातळ दोन हात चांगले. फडक्यासाठी जुन्या सुती लुंग्या आणि गंजिफ्रॉकं उत्तम. ओढणीचं मऊ मलमल असेल तर त्याहून छान, फक्त जर किंवा टिकल्या नकोत. आम्हा दोघा भावांना एका होडीला दोन सकाळी लागतात.

मेण कुठे लावायचं नाही हेही सांगितलं पाहिजे, कारण तिथली चूक महागात पडते. होडीच्या आत जिथे माणसं उभी राहतात, जाळं ओढतात, तिथे मेणाचं बोटही लागू देऊ नका. ओल्या पायाखाली मेण म्हणजे आपणच केलेलं शेवाळ. पाण्याखालच्या भागाला जिथे शेवाळ-शिंपल्यांना रोखणारा रंग द्यायचा असतो, तिथेही मेण नको, त्यावर रंग धरत नाही. जिथे फायबरचा जोड द्यायचा आहे तिथेही नाही. होडीचा नोंदणी क्रमांक आणि नाव रंगवायचं असेल तर आधी रंग, तो चांगला वाळला की मग मेण. आमच्या खाडीत ‘या गरीब नवाज’ आणि ‘एकवीरा प्रसन्न’ शेजारी शेजारी नांगरलेल्या असतात. मेण लागलं असेल तर दोन्ही नावं लांबून वाचता येतात.

मेणाकडून भलती अपेक्षाही ठेवू नये. पाण्याखालच्या भागात जेलकोटमधून पाणी झिरपून फोड येतात, ते मेणानं थांबत नाहीत, त्याला इपॉक्सीचा वेगळा लेप लागतो. तडा गेला असेल तर मेण तो बुजवत नाही. मेण औषध नव्हे, पथ्य आहे.

वर्षातून किती वेळा? आपल्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात मेणाचा थर काही महिनेच काम देतो. आमचं वेळापत्रक असं आहे. १ जूनला पावसाळ्यासाठी यांत्रिक मासेमारी बंद होते. होड्या वर आल्या की धुऊन, तपासून, मेण लावून मग शाकारायच्या. ऑगस्टमध्ये पाण्यात लोटण्याआधी पुन्हा एक पातळ हात. जमलं तर जानेवारीत, भांगाच्या दिवसांत काम थोडं सैल असतं तेव्हा तिसरा. शाकारणीसाठी आम्ही अजून माडाच्या झावळ्यांचे झाप वापरतो. निळी प्लास्टिकची ताडपत्री झटपट होते, पण ती अंगाला घट्ट बांधली तर आत दमट राहतं आणि सैल राहिली तर वाऱ्यावर फडफडून चार महिन्यांत जेलकोट खरवडून काढते. ताडपत्रीच घालायची तर खाली बांबूचा सांगाडा करून ती होडीच्या अंगापासून दूर ठेवावी.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, अहो, फायबरला काही करावं लागत नाही म्हणून तर आम्ही फायबर घेतलं! हेच मला आज बोलायला लावणारं वाक्य आहे.

माझ्या आजोबांची होडी लाकडी होती. दर पावसाळ्यात ती वर यायची. फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस उकरायचा, नवा ठोकून बसवायचा, वर राळ आणि तेल. मग उंडीच्या बियांचं कडू तेल सगळ्या अंगाला चोपडायचं, बाळाला चोळावं तसं, हातानं. हे काम आठवडाभर चालायचं. त्या आठवड्यात होडीच्या प्रत्येक फळीवरून कुणाचा ना कुणाचा हात फिरायचा. कुठली फळी मऊ पडली, कुठला खिळा सैल झाला, ते बोटांना कळायचं. तेल लाकडासाठी होतं, पण तेल लावता लावता तपासणी आपोआप होत होती. तिला वेगळं नाव नव्हतं.

मग फायबर आलं. जगात पहिल्या फायबरच्या होड्या १९४०च्या दशकात अमेरिकेत बनल्या. आपल्या किनाऱ्यावर त्या पुष्कळ नंतर रुळल्या, आणि २००४च्या डिसेंबरमधल्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तर हजारोंनी आल्या. फायबरच्या गुणांबद्दल मला शंका नाही. ती हलकी असते, चार माणसं ओढून वर घेऊ शकतात. तिच्या फळ्यांना भेगा पडत नाहीत, लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा तिला लागत नाही. फायबर दुबळंही नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात लाकडाच्या गाभ्यावर फायबर चढवून बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. ‘म्हादेई’तूनच अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. दांडेकरांनीच बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जाऊन आल्या. एवढं ते बळकट आहे.

पण ‘काही करावं लागत नाही’ या वचनानं एक गोष्ट नकळत हिरावून घेतली. तेल गेलं, त्याबरोबर हातही गेला. होडी वर ओढायची, ताडपत्री टाकायची, ऑगस्टमध्ये ताडपत्री काढायची आणि पाण्यात लोटायची. दोन महिन्यांत तिला एकदाही हात लागत नाही. वर्षभर जिच्या भरवशावर आपण समुद्रात जातो तिच्याकडे आपण नीट पाहतच नाही.

काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मोठ्या होडीला मेण लावत होतो. भाऊ मागच्या बाजूला, जिथे इंजिन अडकवतात त्या फळ्यापाशी होता, मी नाळेकडे. त्यानं हाक मारली, ‘भाई, जरा इकडे येऊन हात लाव.’

मी गेलो. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण मेण पुसून काढल्यावर तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या होत्या, कारण मेण त्या रेषांत शिरून तिथेच पांढरं राहिलं होतं. बोटाला त्या जेमतेम लागत होत्या.

‘वरवरच्या असतील,’ मी म्हणालो.

‘असतीलही. पण इंजिन इथे टांगलंय ना, भाई.’

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं लाकडी मुठीनं तिथे ठोकून पाहिलं. बाजूला टणटण आवाज येत होता, तिथे मात्र भद्द. फायबरच्या होडीत सगळं फायबर असतं असा आपला समज असतो, पण इंजिनाचा भार झेलण्यासाठी मागच्या फळ्यात आत प्लायवूड घातलेलं असतं. इंजिनाच्या थरथरीनं जेलकोटला आणि खालच्या थराला तडे गेले होते, त्यातून पाणी आत जाऊन प्लायवूड काळं पडलं होतं. मिस्त्रीनं ते उघडलं तेव्हा बोटानं कुरतडता येत होतं. चार माणसं घेऊन ती होडी ऑगस्टमध्ये बाहेर पडणार होती. श्रावणातला समुद्र अजून पुरता निवळलेला नसतो. लाटेवर आदळताना तो फळा सुटला असता तर इंजिन गेलं असतं, आणि इंजिनाबरोबर होडीची मागची बाजू उघडी पडली असती. फळा बदलला, नवे थर चढवले, जेलकोट दिला. खर्च झाला, पंधरा दिवस गेले, पण ते बंदीच्या दिवसांतले होते.

त्या रेषा मेणानं शोधल्या असं मी म्हणणार नाही. मेण लावणाऱ्या हातानं शोधल्या. मेणानं त्या हाताला तिथे नेलं एवढंच. म्हणून मला कुणी विचारलं की वर्षातून दोनदा मेण लावल्याचा सर्वांत मोठा फायदा काय, तर मी चमक सांगत नाही. जेलकोटचं आयुष्य वाढतं हेही दुसऱ्या क्रमांकावर सांगतो. पहिल्या क्रमांकावर हे, की होडीच्या प्रत्येक वितीवरून वर्षातून दोनदा मालकाचा हात फिरतो.

आणखी एक गोष्ट. आजोबांची होडी म्हातारी झाली तेव्हा तिच्या काही फळ्या चुलीत गेल्या, एका फळीचा बाक झाला, तो आमच्या पडवीत आजही आहे. फायबरची होडी म्हातारी झाली की तिचं काय करायचं? हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे वितळवून दुसरं काही ओतता येत नाही. जाळलं तर विषारी धूर होतो आणि काच उरतेच. म्हणून टाकून दिलेली फायबरची होडी खाडीच्या कडेला चिपीच्या झाडांत पडून राहते आणि उन्हापाण्यानं तिचे तंतू सुटत राहतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चिचेस्टर बंदरात संशोधकांना कालवांच्या आणि शिंपल्यांच्या मांसात काचेचे असे बारीक तंतू सापडले. हे २०२४ साली प्रसिद्ध झालं. आमच्याकडेही सुकतीच्या वेळी बायका कोयता घेऊन कालवं काढायला जातात. ते वाचल्यापासून होडी घासताना पडणारी पूड आम्ही खाली कापड अंथरून गोळा करतो, खाडीत जाऊ देत नाही. आणि जी होडी आणखी पंधरा वर्षं चालेल, ती तेवढी वर्षं चिपीत पडायची टळते, हा हिशेबही मेणाच्या डब्याच्या किमतीत धरतो.

मालवण-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या, खाडीत तर चालवणाऱ्या, लहान मासेमारी करणाऱ्या सगळ्या होडीवाल्यांना माझी एकच विनंती आहे. एक डबा मेण, चार जुनी फडकी आणि दोन सकाळी, एवढंच भांडवल काढा. मुलांना बरोबर घ्या. त्यांना मोबाइलवर हवामान पाहता येतं, ते चांगलंच आहे, पण होडी हातानं वाचायची असते हेही त्यांना कळू द्या.

हंगामाच्या सुरुवातीला आमचे हिंदू शेजारी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, आमच्या मोहल्ल्यात पहिल्या फेरीआधी होडीवर फातिहा पढतात. दोन्हीकडे मागणं एकच, गेलेला माणूस परत येऊ दे. उंट मोकळा सोडून अल्लावर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्या माणसाला पैगंबरसाहेबांनी सांगितलं होतं, की आधी उंट बांध, मग भरवसा ठेव. आमच्याकडे उंट नाहीत. आमच्याकडे होड्या आहेत. तेव्हा नारळ आणि फातिहा यांच्या आधी एकदा होडीच्या अंगावरून हात फिरवू या.